मोठ्या पडद्याचा टीव्ही कसा निवडावा? – घर आणि शाळा, दोन्हींसाठी एक पाठ



आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात मोठ्या टीव्हीची खरेदी बहुतेक दोन निमित्तांनी होते. एक म्हणजे गणपती. चाकरमानी गावी यायच्या आत घरात नवा टीव्ही लागला पाहिजे, असा बेत ठरतो. दुसरे निमित्त शाळेचे. गावकरी, माजी विद्यार्थी आणि मुंबईकर मंडळी वर्गणी काढतात आणि शाळा व्यवस्थापन समिती ठराव करते, की वर्गात मोठा पडदा घ्यायचा. २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम सुरू झाल्यापासून जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांत असे पडदे लोकसहभागातून आले.

दोन्ही ठिकाणी पैसा घामाचा असतो. घरचा टीव्ही चुकला तर फार तर कुरकुर होते. शाळेचा चुकला तर नुकसान वेगळे होते, आणि ते लवकर कळतही नाही. शेवटच्या रांगेतल्या मुलाला अक्षर नीट दिसत नाही, पण ते सांगत नाही. सगळे मान हलवतात म्हणून तेही हलवते. म्हणून आजचा पाठ नीट वाचा. यात थोडे गणित आहे, थोडे विज्ञान आहे आणि थोडा आपल्या कोकणच्या हवेचा विचार आहे.

१. 'इंच' म्हणजे नेमके काय?

५५ इंची टीव्ही म्हणजे ५५ इंच रुंद टीव्ही नव्हे! ५५ इंच हा पडद्याचा कर्ण असतो, म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर. आजच्या टीव्हीची रुंदी आणि उंची १६ : ९ या प्रमाणात असते. आता पायथागोरसचा सिद्धांत आठवा.

१६ चा वर्ग २५६, ९ चा वर्ग ८१. बेरीज ३३७. तिचे वर्गमूळ साधारण १८.३६.

म्हणून रुंदी = कर्ण × १६ ÷ १८.३६ आणि उंची = कर्ण × ९ ÷ १८.३६. सोप्या भाषेत, रुंदी कर्णाच्या ८७ टक्के आणि उंची ४९ टक्के. इंचाचे सेंटीमीटर करायला २.५४ ने गुणा. मग हे आकडे येतात (सर्व सेंटीमीटरमध्ये, पूर्णांकात):

- ३२ इंच : कर्ण ८१, रुंदी ७१, उंची ४०
- ४३ इंच : कर्ण १०९, रुंदी ९५, उंची ५४
- ५५ इंच : कर्ण १४०, रुंदी १२२, उंची ६८
- ६५ इंच : कर्ण १६५, रुंदी १४४, उंची ८१
- ७५ इंच : कर्ण १९०, रुंदी १६६, उंची ९३
- ८६ इंच : कर्ण २१८, रुंदी १९०, उंची १०७

आणखी एक गंमत बघा. ४३ आणि ८६ यांत आकडा दुप्पट आहे, पण पडद्याचे क्षेत्रफळ चौपट होते. ५५ वरून ६५ वर गेलो तर आकडा फक्त १० ने वाढतो, क्षेत्रफळ मात्र जवळजवळ ४० टक्के वाढते. दुकानदार किंमत सांगेल तेव्हा हा हिशेब मनात ठेवा.

२. किती मोठा? आधी अंतर मोजा

दुकानात जायच्या आधी घरात किंवा वर्गात मोजपट्टी घेऊन जा. पडद्यापासून सगळ्यांत लांब बसणाऱ्या माणसापर्यंतचे अंतर मोजा. वाचायचा मजकूर दाखवायचा असेल तर एक सर्वमान्य ठोकताळा आहे: शेवटचा माणूस पडद्याच्या उंचीच्या सहापटीपेक्षा लांब नसावा.

- ४३ इंच : सुमारे ३.२ मीटरपर्यंत
- ५५ इंच : सुमारे ४.१ मीटरपर्यंत
- ६५ इंच : सुमारे ४.९ मीटरपर्यंत
- ७५ इंच : सुमारे ५.६ मीटरपर्यंत
- ८६ इंच : सुमारे ६.४ मीटरपर्यंत

घरातल्या हॉलमध्ये माणसे तीन-चार मीटरवर बसतात. तिथे ४३ ते ५५ इंच पुरेसा होतो. वर्गात मात्र शेवटची रांग सहा मीटरवर असू शकते. मग काय, प्रत्येक शाळेने ८६ इंचीच घ्यायचा? तसे नाही. पुढचा मुद्दा त्यासाठीच आहे.

३. 'दिन' की 'दीन'? – देवनागरीची कसोटी

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे भिंतीवर अक्षरांचा तक्ता असतो. निरोगी डोळ्याला सहा मीटरवरून जे सर्वांत लहान अक्षर ओळखता येते, त्याची उंची सुमारे ९ मिलिमीटर असते. पण ती झाली परीक्षा. रोज तेवढ्या अक्षरावर शिकायला लावले तर डोळे थकतील. शिवाय आपल्या देवनागरीत वर वेलांटी, खाली उकार, डोक्यावर रफार, अनुस्वार आणि मध्येच जोडाक्षर. 'दिन' आणि 'दीन' यांत फरक आहे तो फक्त वेलांटीचा. म्हणून आपण तिप्पट धरू. सहा मीटरवरच्या मुलासाठी अक्षर निदान २६ मिलिमीटर, म्हणजे अडीच सेंटीमीटरपेक्षा थोडे जास्त हवे.

दोन ओळींमधली जागा धरून एका ओळीला ५२ मिलिमीटर लागतील. आता भागाकार करा. ४३ इंची पडद्यावर अशा १० ओळी मावतात, ५५ वर १३, ६५ वर १५ आणि ७५ वर १७.

आता समजा, आपण पाठ्यपुस्तकाचे ३० ओळींचे अख्खे पान ५५ इंची पडद्यावर एकदम दाखवले. एका ओळीला जेमतेम २३ मिलिमीटर मिळतील आणि अक्षर ११ मिलिमीटरचे होईल. मागच्या मुलाला रोज डोळ्यांची परीक्षा द्यावी लागेल! तेच पान मोठे करून एका वेळी दहा-बारा ओळी दाखवल्या तर प्रश्न सुटतो.

म्हणजे दोन गोष्टी लक्षात आल्या. पडदा मोठा हवाच, पण वर्गणी कमी पडली म्हणून सगळे संपत नाही. ५५ इंची पडद्यावर कमी ओळी आणि मोठी अक्षरे दाखवणारा शिक्षक, ७५ इंचीवर अख्खे पान दाखवणाऱ्यापेक्षा मागच्या रांगेपर्यंत जास्त पोहोचतो.

४. पडद्याचे प्रकार ओळखू या

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा निवडीचा प्रश्नच नव्हता. काचेच्या जाड नळीचा, कृष्णधवल टीव्ही. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांच्या वर्षी रंग आले. पुढे प्लाझ्मा आले आणि गेलेही. आज दुकानात दिसतात ते प्रकार असे:

(अ) एलईडी टीव्ही. नाव एलईडी असले तरी चित्र बनते ते द्रवस्फटिकांमुळे, म्हणजे एलसीडीमुळे. हे द्रवस्फटिक १८८८ मध्ये फ्रीड्रिख रायनित्झर या शास्त्रज्ञाला प्रथम आढळले. पडद्यामागे एलईडी दिव्यांचा पांढरा उजेड असतो. पुढे द्रवस्फटिकांच्या बारीक झडपा असतात, त्या कमी-जास्त उघडतात. हा पांढरा उजेड शक्य झाला तो निळ्या एलईडीमुळे. त्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. हा प्रकार सर्वांत स्वस्त, उजेडाच्या खोलीत चांगला आणि टिकाऊ. दोष एकच. झडप पूर्ण बंद होत नाही, त्यामुळे काळा रंग जरा राखाडी दिसतो.

यातही दोन पोटजाती आहेत. आयपीएस पॅनेल बाजूने पाहिले तरी रंग फारसे बदलत नाहीत. व्हीए पॅनेलमध्ये काळा रंग गडद दिसतो, पण कडेला बसलेल्याला चित्र फिकट वाटते. वर्ग रुंद असेल, मुले भिंतीपासून भिंतीपर्यंत बसत असतील, तर आयपीएस मागा.

(आ) क्यूएलईडी. हाही मुळात एलसीडीच. फक्त दिवे आणि झडपा यांच्यामध्ये क्वांटम डॉट नावाच्या अतिसूक्ष्म कणांचा थर असतो. कणाचा आकार बदलला की त्यातून निघणारा रंग बदलतो! या कणांच्या शोधासाठी बावेंडी, ब्रूस आणि एकिमोव्ह यांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. रंग जास्त शुद्ध आणि चित्र उजळ दिसते.

(इ) मिनी एलईडी. मागचे दिवे अगदी लहान आणि संख्येने पुष्कळ. चित्राचा जो भाग काळा आहे तिथले दिवे मंद करता येतात. काळा रंग सुधारतो, किंमतही चढते.

(ई) ओएलईडी. इथे मागे दिवाच नाही. प्रत्येक ठिपका स्वतः प्रकाशतो. कोडॅक कंपनीत काम करणाऱ्या तांग आणि व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये याचा पाया घातला. ठिपका बंद म्हणजे पूर्ण काळोख. रात्री दिवा मालवून सिनेमा बघायचा तर याला तोड नाही. पण भर उजेडात तो एलईडीइतका झळकत नाही, आणि एकच स्थिर चित्र रोज तासन्‌तास राहिले तर त्याचा पुसट ठसा कायमचा उमटू शकतो. वृत्तवाहिनीची खालची पट्टी किंवा शाळेच्या संगणकाचे चिन्हांनी भरलेले पान, हीच ती स्थिर चित्रे. शाळेने या वाटेला जाऊ नये.

(उ) प्रोजेक्टर. कमी पैशात शंभर इंची चित्र देतो. पण एक गोष्ट नीट समजून घ्या. प्रोजेक्टर फक्त उजेड टाकतो, काळा रंग टाकू शकत नाही. भिंत जेवढी उजळ, तेवढाच त्याचा 'काळा'. त्यामुळे खोलीत अंधार करावा लागतो. मे-जूनच्या उकाड्यात खिडक्या-दारे बंद करून तीस मुले बसवायची, त्यात वीज गेली की पंखाही बंद! शिवाय पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरण्याची भीती.

(ऊ) इंटरॲक्टिव्ह पॅनेल. फळ्यासारखा, स्पर्शाने चालणारा मोठा पडदा. शाळेसाठीच बनवलेला असतो, काच मजबूत असते, पण त्याच मापाच्या साध्या टीव्हीपेक्षा बराच महाग. पैसे असतील आणि शिक्षक त्यावर रोज लिहिणार असतील तरच घ्या.

५. फोर-के, एट-के : आकड्यांची भुरळ

फुल एचडी पडद्यावर १९२० × १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. फोर-केमध्ये ३८४० × २१६० म्हणजे ८२,९४,४००, बरोबर चौपट. पण ते डोळ्याला दिसतात का?

आपल्या डोळ्याला तीन मीटरवरून साधारण ०.८७ मिलिमीटरपेक्षा लहान ठिपके वेगळे दिसत नाहीत. ५५ इंची फुल एचडी पडद्याचा ठिपका ०.६३ मिलिमीटरचा असतो. म्हणजे तीन मीटरवर बसणाऱ्याला फुल एचडी आणि फोर-के यांतला फरक ठिपक्यांमुळे कळणार नाही. दोन मीटरवर बसलात तर थोडा कळेल. आज मोठे टीव्ही बहुतेक फोर-केच येतात, ते घ्या. पण एट-केसाठी जास्तीचे पैसे मोजायचे कारण नाही. तेच पैसे मापात घाला.

६. कोकणची हवा, कोकणची भिंत

हा भाग दुकानातल्या माहितीपत्रकात सापडणार नाही, म्हणून नीट वाचा.

- भिंत : आपल्याकडच्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या. चिरा सच्छिद्र आणि भुसभुशीत. साधा स्क्रू आणि प्लॅस्टिकचा गट्टू मारला तर तो हळूहळू सैल होतो. आधी लाकडी फळी किंवा लोखंडी चौकट लांब बोल्टने बसवा आणि तिच्यावर टीव्ही टांगा. भिंतीचा भरवसा नसेल तर स्टँड घ्या. खाली मुले बसतात, हे विसरू नका.
- ओल : रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि झड येते ती मुख्यतः नैऋत्येकडून. दक्षिण-पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीवर टीव्ही टांगू नका. मधल्या भिंतीवर टांगा आणि मागे हवा खेळेल एवढी जागा सोडा. पावसाळ्यात रोज थोडा वेळ टीव्ही चालू ठेवावा, आतली ओल कमी होते.
- खारी हवा : मिऱ्या, मांडवी, भाट्ये अशा समुद्रालगतच्या ठिकाणी मागची जोडणीची टोके लवकर गंजतात. खिडकीसमोर टीव्ही ठेवू नका.
- वीज : वळवाच्या पावसात आणि परतीच्या पावसात गडगडाट झाला की नुसते रिमोटने बंद करून भागत नाही. प्लग काढा आणि डिशची वायरही काढा, कारण वीज तिथूनही येते. कातळावरच्या घरांत आणि शाळांत अर्थिंग कमकुवत असते. टीव्ही घेण्याआधी वायरमनकडून ते तपासून घ्या.
- वादळ आणि पूर : ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडला झोडपले. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या बाजारपेठेत तळमजले बुडाले. नदीकाठच्या घरांत टीव्ही वरच्या मजल्यावर असावा किंवा दोघांना चटकन उतरवता येईल असा टांगावा.

आणि हो, मुसळधार पावसात डिशचे चित्र फुटते तेव्हा टीव्हीला दोष देऊ नका. उपग्रहाकडून येणाऱ्या लहरी पावसाच्या थेंबांत शोषल्या जातात आणि विखुरतात. कितीही महागाचा टीव्ही घेतला तरी ते होणारच.

७. उंची, उजेड आणि वीजबिल

घरात खुर्चीवर बसल्यावर डोळ्यांची रेषा पडद्याच्या मध्याजवळ यावी. वर्गात मुले सतरंजीवर बसतात, पुढच्याच्या डोक्याआड मागच्याला दिसत नाही. म्हणून तिथे पडद्याची खालची कड जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास ठेवा आणि वरची बाजू किंचित पुढे झुकवा.

बंद टीव्ही हा आरसाच असतो. तो बंद ठेवून समोर बसा. त्यात खिडकी दिसली तर चालू असतानाही तिची झळ दिसणार. जागा बदला.

आता वीज. मागच्या पट्टीवर १२० वॅट लिहिले आहे आणि टीव्ही रोज ५ तास चालतो असे समजा. १२० × ५ = ६०० वॅट-तास, म्हणजे ०.६ युनिट. महिन्याला १८ युनिट. खरेदी करताना बीईईच्या तारांकित लेबलवर वर्षाचे युनिट लिहिलेले असतात, दोन मॉडेलची तुलना त्यावरून करा.

८. दुकानात काय विचाराल?

१. आपल्या गावापर्यंत तंत्रज्ञ येतो का? की टीव्ही शहरात न्यावा लागेल?
२. शाळेसाठी घेत असाल तर वॉरंटी लागू आहे का? घरगुती वापरापुरतीच वॉरंटी अशी अट काही वेळा असते. कार्ड वाचा.
३. मराठी नावाची फाइल पेनड्राइव्हमध्ये घेऊन जा आणि तिथेच उघडून बघा. नावाच्या जागी चौकोन दिसले तर पुढे त्रास आहे.
४. दीक्षा ॲपचे व्हिडिओ मोबाइलवरून किंवा संगणकावरून पडद्यावर दाखवता येतात का, तेही करून बघा. नेटवर्क नसलेल्या गावात पेनड्राइव्हच कामाला येतो.
५. आवाज ऐका. पातळ टीव्हीचे स्पीकर लहान असतात. पत्र्यावर पाऊस वाजत असताना वर्गात वेगळा स्पीकर लागेलच.
६. पक्के बिल घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरील टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे, बिलात तो तपासा. शाळेने तीन दुकानांची दरपत्रके घ्यावीत आणि सर्वांची मापे व पॅनेलचा प्रकार सारखा आहे ना, ते पाहावे.

९. मग घ्यायचा कोणता?

- उजेडाची पडवी किंवा हॉल, घरभर माणसे, दिवसा क्रिकेट : साधा एलईडी किंवा क्यूएलईडी, ४३ ते ५५ इंच.
- अंधारे माजघर, रात्री सिनेमा, हात जरा सैल : ओएलईडी किंवा मिनी एलईडी.
- लहान पटाची शाळा, शेवटची रांग चार मीटरवर : आयपीएस पॅनेलचा ५५ इंची एलईडी.
- मोठा वर्ग, शेवटची रांग पाच-सहा मीटरवर : ७५ इंची एलईडी. तेवढे पैसे नसतील तर ५५ किंवा ६५ घ्या, मुलांना पुढे सरकवून अर्धगोलात बसवा आणि ओळी कमी दाखवा.

१०. उपक्रम : पैसे देण्याआधी पुठ्ठ्याचा टीव्ही

हा उपक्रम खर्चाशिवाय होतो आणि पाचवीपासूनची मुले तो करू शकतात.

१. जुन्या खोक्यांचे पुठ्ठे जोडून वर दिलेल्या मापाचे ५५ आणि ७५ इंची आयत कापा.
२. पांढऱ्या कागदावर २६ मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत शब्दांच्या जोड्या लिहा: दिन–दीन, सुत–सूत, पाणी–पाणि. दुसऱ्या कागदावर त्याच जोड्या ११ मिलिमीटरच्या अक्षरांत लिहा.
३. पुठ्ठा ठरलेल्या जागी भिंतीवर लावा आणि त्यावर एकेक कागद चिकटवा.
४. प्रत्येक मुलाला शेवटच्या रांगेत, दोन्ही कोपऱ्यांत बसवून शब्द वहीत लिहायला सांगा. मोठ्याने विचारू नका. मोठ्याने विचारले की एकाचे ऐकून दुसरा सांगतो. लिहून घेतले की खरे कळते.
५. वह्या तपासा. मोठी अक्षरेही ज्याला दिसली नाहीत, त्याच्या पालकांना आजच निरोप द्या. त्या मुलाचे डोळे तपासायला हवेत, टीव्ही कोणताही घेतला तरी.

या शेवटच्या मुद्द्यासाठी तरी उपक्रम कराच. एखाद्या मुलाला चष्मा लागतो हे वर्षभर कुणालाच कळत नाही. खरेदीच्या निमित्ताने ते कळले, तर वर्गणीतला एकही रुपया खर्च होण्याआधीच शाळेचा फायदा झाला.

स्वाध्याय

१. ५० इंची टीव्हीची रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये काढा.
२. तुमच्या वर्गाची लांबी मोजा. सहापटीच्या नियमाने किती इंची पडदा लागेल?
३. ओएलईडीमध्ये काळा रंग गडद का दिसतो? एलईडीमध्ये राखाडी का? दोन-तीन वाक्यांत लिहा.
४. तुमच्या घरचा टीव्ही महिन्याला किती युनिट वीज घेतो, ते मागची पट्टी वाचून काढा.
५. घरातली कोणती भिंत टीव्हीसाठी योग्य आहे? पाऊस, उजेड आणि चिरा या तिन्हींचा विचार करून कारण लिहा.

उत्तरे वहीत लिहा आणि घरी मोठ्यांना वाचून दाखवा. पुढच्या वेळी दुकानात जाताना मोजपट्टी तुमच्याच खिशात असू द्या.